टूथपेस्ट स्वस्त झाली; पण लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर मोफत उपचार कुठे मिळतात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे, म्हणजेच जीएसटीचे, नवे दर देशभर लागू झाले. टूथपेस्ट आणि टूथब्रशवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दंतमंजनावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. दात घासण्याची साधने स्वस्त झाली, ही लहान मुले असलेल्या प्रत्येक घरासाठी चांगली गोष्ट आहे.

मात्र त्याच दिवशी बिस्किटे आणि चॉकलेट यांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. फळांच्या रसाची, सोडा नसलेली पेये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. साखर घातलेल्या सोडायुक्त थंड पेयांवर तेवढा ४० टक्के कर आहे. म्हणजे दात राखणाऱ्या आणि दात किडवणाऱ्या अनेक वस्तूंवर आता सारखाच कर आहे. कोणती वस्तू घरात किती येते, हे आता पालकांच्या हातात आहे.

सरकारी पातळीवर साखरेचा विषय याच वर्षी दोनदा पुढे आला. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर असते, याची माहिती त्या फलकावर मुलांना मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण माहातही साखर, मीठ आणि तेल कमी करण्यावर भर होता.

ही सगळी पावले दात किडू नयेत यासाठी उपयोगी आहेत. पण ज्या मुलाचा दात आधीच किडला आहे, त्याला दंतचिकित्सकच लागतो. इथे अनेक लाभार्थी कुटुंबांचा गैरसमज होतो. आयुष्मान कार्ड आहे, म्हणजे मुलाचा दात त्यावर भरून मिळेल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मोफत उपचाराचा रस्ता वेगळा आहे आणि तो अंगणवाडीपासून सुरू होतो. तो रस्ता कसा आहे, तो कुठे तुटतो आणि पालकांनी काय करावे, हे या लेखात पाहू.

प्रश्न किती मोठा आहे?

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षण केले होते. त्यात ५ वर्षांच्या सुमारे ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. १२ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ५४ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांत सुमारे ६३ टक्के होते. आकडे वीस वर्षांपूर्वीचे आहेत, पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शाळेत जाण्याच्या वयापर्यंतच निम्म्या मुलांच्या दातांना कीड लागलेली असते. जगभरात ५० कोटींहून अधिक मुलांना दुधाच्या दातांच्या किडीचा त्रास आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे.

किडीची सुरुवात शाळेच्याही आधी होते. बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे सर्व २० दात आलेले असतात. या काळात मूल अंगणवाडीच्या वयात असते, शाळेच्या नाही. त्यामुळे शाळेतील तपासणीची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचे उत्तर दातांच्या वयात आहे. समोरचे दुधाचे दात साधारण सहा-सात वर्षांच्या वयात पडतात हे खरे. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्याला त्याच दाढेने आणखी सात ते नऊ वर्षे चावायचे आहे.

दाढ दुखते तेव्हा मूल भाकरी, पोळी, डाळीतले दाणे, फळे चावत नाही. भातासारखे मऊ किंवा बिस्किटासारखे गोड खाणे मागते. रात्री झोप लागत नाही. जेवण कमी झाले की वजनावर परिणाम होऊ शकतो. म्हणून अंगणवाडीत मुलाचे वजन दोन-तीन महिने वाढलेले दिसत नसेल, तर सेविकेला त्याचे तोंडही पाहायला सांगा.

दुधाची दाढ फार लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा कमी पडते. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाची दाढ आहे असे वाटते. ती कायमची दाढ असते. ती किडून काढावी लागली तर पुन्हा येत नाही.

दात किडतो कसा?

तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचा वरचा थर हळूहळू विरघळवते. प्रत्येक वेळी गोड खाल्ले की काही काळ हे सुरू राहते, नंतर लाळ ते सावरते. त्यामुळे साखर किती खाल्ली याबरोबर ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे आहे. जेवणासोबत खाल्लेल्या शिऱ्यापेक्षा दिवसभर थोडेथोडे चघळलेले बिस्किट दाताला जास्त त्रास देते. अंगणवाडीत मिळणारा आहार गोड असला तरी तो बंद करू नका. तो जेवणाच्या वेळी द्या आणि नंतर पाणी पाजा.

सर्वात जास्त नुकसान रात्री होते. झोपेत लाळ कमी सुटते. बाटलीतले साखर घातलेले दूध तोंडात ठेवून बाळ झोपले, तर ते दूध समोरच्या वरच्या दातांवर बराच वेळ राहते. म्हणून बाळांच्या वरच्या समोरच्या दातांपासून कीड सुरू झालेली दिसते. खालच्या समोरच्या दातांना जीभ झाकते, ते बहुतेक वाचतात. चोखणीला मध किंवा साखर लावल्यानेही हेच होते. स्तनपान मात्र किडीच्या भीतीने थांबवू नये. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही स्तनपान द्यावे, असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. दात आल्यानंतर ते रोज स्वच्छ करावेत, एवढेच.

कीड कशी ओळखावी?

महिन्यातून एकदा मुलाला उजेडात मांडीवर घ्या, वरचा ओठ उचला आणि पाहा.

• हिरडीजवळ दातावर खडूसारखी पांढरी रेघ किंवा डाग दिसला, तर ती किडीची पहिली खूण असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइडने कीड थांबू शकते.
• तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला, तर कीड पुढे गेली आहे. दंतचिकित्सकाला दाखवा.
• हिरडीवर फोड, पू, गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

एक काळजी घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप दिले जाते. त्याने दातांवर काळसर थर दिसू शकतो. तो डाग असतो, कीड नसते. दात काळे पडतात म्हणून अनेक घरांत हे सिरप बंद होते. तसे करू नका. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला द्या आणि नंतर पाणी पाजा.

मोफत उपचाराचा रस्ता: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम

हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि आज देशभर राबवला जातो. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. ज्या ३० आजारांसाठी आणि दोषांसाठी मुलांना तपासले जाते, त्यांत दातांचे आजारही आहेत.

• कोण तपासते? गटपातळीवरील फिरते आरोग्य पथक. त्यात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात.
• कधी? अंगणवाडीत वर्षातून किमान दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून किमान एकदा.
• अट काय? उत्पन्नाची अट नाही.
• दोष आढळल्यास? पथक संदर्भ चिठ्ठी देते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, पाठवण्याची तरतूद आहे. हे केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते आणि त्याच्या मंजूर मनुष्यबळात दंतचिकित्सकाचाही समावेश आहे. मोठ्या मुलांना जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात.
• खर्च? कार्यक्रमातून संदर्भित मुलाचा उपचार मोफत आहे.

याशिवाय २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालये आणि त्याखालील रुग्णालयांतील दंत विभागांना साधने, साहित्य आणि मनुष्यबळासाठी मदत मिळते. आयुष्मान आरोग्य मंदिरांतील १२ सेवांमध्येही प्राथमिक मुखआरोग्य सेवा आहे. तेथे सामुदायिक आरोग्य अधिकारी तोंड तपासतात, सल्ला देतात आणि पुढे पाठवतात. दात भरण्याचे काम मात्र दंतचिकित्सक असलेल्या ठिकाणीच होते. महाराष्ट्रात ते बहुधा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात असतात. इतर राज्यांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात.

आयुष्मान कार्डावर काय मिळत नाही?

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्याव्या लागणाऱ्या उपचारांसाठी आहे. दात भरणे किंवा रूट कॅनॉल यांसाठी सहसा दाखल व्हावे लागत नाही, म्हणून हे नेहमीचे उपचार त्यात बसत नाहीत. अपघातात जबड्याला मार लागला किंवा दाखल करावे लागेल असा आजार असला, तर गोष्ट वेगळी.

याचा परिणाम असा होतो की कुटुंब कार्ड घेऊन खासगी दवाखान्यात जाते, तेथे ‘हे कार्डात बसत नाही’ असे ऐकते आणि पैसे नाहीत म्हणून परत येते. मग दात ‘पडेपर्यंत’ थांबायचे ठरते. अशा वेळी कार्ड बाजूला ठेवा आणि अंगणवाडी किंवा सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागाचा रस्ता धरा. वेतनातून ईएसआयची रक्कम कापली जात असेल, तर ईएसआय रुग्णालयात मुलांसाठीही दंतसेवा मिळते का, हेही विचारा.

रस्ता कुठे तुटतो?

कागदावर साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणी तुटते.

पहिली जागा म्हणजे तपासणीचा दिवस. पथक येते त्या दिवशी मूल अंगणवाडीत नसेल, तर पुढची फेरी काही महिन्यांनी येते. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामावर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांच्या दोन्ही फेऱ्या चुकू शकतात. गाव सोडताना सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकरवर मुलाचे नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करण्याची सोय आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रम सर्व राज्यांत असल्याने कर्नाटकात, गुजरातेत किंवा तेलंगणात असलात तरी तेथील अंगणवाडीत तपासणी मागता येते.

दुसरी जागा म्हणजे चिठ्ठी आणि दंतचिकित्सक यांच्यामधले अंतर. गावात तपासणी होते, उपचार तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतो. एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे किंवा जीपचे भाडे लागते, आणि गेल्यावर कळते की दंतचिकित्सक आज नाहीत. दुखणे तोपर्यंत थांबलेलेही असते. पण दुखणे थांबले म्हणजे कीड थांबली असे नाही. दाताची नस मेल्यामुळेही दुखणे थांबते आणि त्यानंतर पू होऊ शकतो.

तिसरी जागा म्हणजे उशीर. लहान खड्डा एका भेटीत भरता येतो. नसेपर्यंत गेलेल्या किडीला अनेक फेऱ्या लागतात, आणि फेऱ्या परवडत नाहीत म्हणून शेवटी दात काढला जातो. योजना उपचाराचा खर्च उचलते, पण बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. म्हणूनच गरीब कुटुंबाला लवकर जाणे अधिक फायद्याचे आहे.

लहान मुलांसाठी मशीन न लावता होणारे उपचारही आहेत. फ्लोराइड वार्निश दातांवर लेपासारखे लावतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध किडलेल्या जागी लावले की कीड थांबायला मदत होते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण इंजेक्शन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तुमच्या रुग्णालयात यांपैकी काय उपलब्ध आहे, हे दंतचिकित्सकांना विचारा.

पालकांनी काय करावे?

१. पुढील तपासणीची तारीख अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना आजच विचारा. पथकाला ‘दातही पाहा’ असे स्पष्ट सांगा.

२. संदर्भ चिठ्ठी मिळाल्यास तिचा फोटो काढून ठेवा. निघण्यापूर्वी रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या वारी बसतात हे आशाताईंकडून कळवून घ्या. गावातील चार-पाच मुलांना एकाच दिवशी नेता आले तर भाड्याचा बोजा वाटला जातो.

३. पथकाची वाट न पाहताही सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात थेट जाता येते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत.

४. उपचार गुंतागुंतीचा असेल, तर सरकारी दंत महाविद्यालयात जा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बांबोळी, इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद आणि बेंगळुरू येथे अशी महाविद्यालये आहेत. तेथे काही उपचारांसाठी अल्प शुल्क असू शकते. संदर्भ चिठ्ठी सोबत ठेवा.

५. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा दात घासा. रात्रीचे घासणे चुकवू नका. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावे.

६. टूथपेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण पाहा. ते पीपीएममध्ये लिहिलेले असते. साधारण १,००० पीपीएम फ्लोराइड किडीपासून चांगले संरक्षण देते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्या. मूल पेस्ट गिळणार नाही याकडे लक्ष ठेवा. तुमच्या भागातील पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर पेस्ट निवडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

७. दुखऱ्या दातावर मिश्री, तंबाखू किंवा गुल कधीही लावू नका. लहान वयात लागलेली ही सवय पुढे तोंडाच्या गंभीर आजाराकडे नेते.

गावाने काय मागावे?

एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न विसरला जाऊ शकतो. तोच प्रश्न गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत विचारला, तर त्याची नोंद होते. प्रश्न साधे असू द्या. यावर्षी आमच्या अंगणवाडीत पथक किती वेळा आले? किती मुलांचे दात किडलेले आढळले? त्यांपैकी किती मुलांवर उपचार पूर्ण झाले?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात महत्त्वाचे आहे. तपासणी झाली म्हणजे दात भरला असे होत नाही. बिस्किटाचा पुडा प्रत्येक गावच्या दुकानात मिळतो, दंतचिकित्सक मिळत नाही. हे अंतर जोपर्यंत आहे, तोपर्यंत ओठ उचलून पांढरा डाग वेळेत पाहणे आणि हातात आलेली चिठ्ठी त्याच महिन्यात रुग्णालयात नेणे, हेच मुलाच्या उपयोगाचे आहे.